शाळेचा माहितीपट विद्यार्थ्यांनीच करावा

वर्धापनानिमित्त आपल्या शाळेवर एक माहितीपट काढावा, असा विषय स्मरणिका समितीच्या गेल्या बैठकीत निघाला आणि तो सर्वांना आवडला. आम्हांसही आवडला. पुढे असे सुचविण्यात आले की हे काम एखाद्या व्यावसायिक संचाकडे सोपवावे. अंदाजपत्रक आले. नमुन्यादाखल दुसऱ्या एका संस्थेचा माहितीपटही दाखविण्यात आला. ड्रोनमधून दिसणारी इमारत, मैदानावर सरळ रांगांत उभे विद्यार्थी, पुष्पगुच्छ स्वीकारणारे मान्यवर, त्यांची मनोगते आणि या सर्वांवर पसरलेले भारदस्त आवाजातील निवेदन. पंधरा मिनिटांत एकाही मुलाने तोंड उघडले नाही.

आम्ही त्या बैठकीत विरोध नोंदविला. बैठकीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, तेवढ्यात कारण नीट सांगता आले नाही. म्हणून संपादक मंडळाने मागितलेल्या ‘आठवणीं’ऐवजी हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे असे की हा माहितीपट आपल्या विद्यार्थ्यांनी करावा. विषय त्यांनी ठरवावा, प्रश्न त्यांनी विचारावेत, कात्रीही त्यांनीच चालवावी. यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी शंका काढली, “पोरखेळ होईल. पाहुण्यांसमोर शोभा होईल.” शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणून युक्तिवाद करण्यापेक्षा आमच्या डोळ्यांसमोर घडलेली हकीकत सांगणे बरे.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय लघुमाहितीपट स्पर्धेचे पत्रक शाळेत आले होते. मुदत दोन महिने, लांबी बारा मिनिटांच्या आत, साधन कोणतेही चालेल. नववीतील पाच जण पुढे आले, तीन मुली आणि दोन मुलगे. मार्गदर्शक म्हणून आमचे नाव लागले. आम्ही इतिहासाचे एम.ए.; साहजिकच आमच्या मनात कान्हेरी होती. नवघरपासून इतक्या जवळचा, शतकानुशतके भिक्खूंनी राहता ठेवलेला डोंगर. शंभराहून अधिक लेणी, पाण्याची टाकी, दानाचे शिलालेख. खाडी ओलांडली की सोपारा, जेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या हाती अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा लागला. एवढे वैभव दाराशी असताना विषयाचा शोध कशाला, असे आम्ही पाऊण तास बोललो. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा विषय आणला: आपले आईवडील दिवसभर काय करतात. कारण विचारले तेव्हा त्यांतील एक मुलगी म्हणाली, “सर, कान्हेरीवर पुष्कळ झालेत. आमच्या आईवर एकही नाही.” आम्ही निरुत्तर झालो. थोडे नाराजही झालो, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही एकच अट घातली, की पहिले पंधरा दिवस कॅमेरा बाहेर काढायचा नाही. वही घेऊन जायचे, बसायचे, ऐकायचे, परत येऊन लिहायचे. मुलांना ही अट फार जाचली. मोबाइल हाती असताना न वापरणे हे त्या वयात तपच होय. परंतु माहितीपटाचे निम्मे काम या पंधरा दिवसांत होते, असे आमचे मत तेव्हापासून पक्के झाले आहे. कॅमेरा पाहताच माणूस सावरून बसतो, पाठ केल्यासारखे बोलतो. आधी दोनदा येऊन गेलेले पोर तिसऱ्यांदा कॅमेरा घेऊन आले तर त्याचे त्याला फारसे काही वाटत नाही.

त्यानंतर प्रत्येकाने आपला माहितीपट कशाविषयी आहे ते एका वाक्यात लिहून आणायचे होते. पाच जणांची पाच वाक्ये आली आणि चार दिवस भांडण चालले. अखेर जे वाक्य उरले ते असे: ‘आईवडिलांना येते ते आम्हांला येत नाही.’ हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. पुढे जेव्हा जेव्हा एखादे दृश्य ठेवावे की काढावे असा वाद झाला, तेव्हा तेव्हा मुले त्या कोपऱ्याकडे बोट दाखवीत.

प्रश्नांची यादीही या वाक्यावर घासून घेतली गेली. पहिल्या यादीत वीस प्रश्न होते आणि त्यांतले अकरा त्रासाविषयी होते. तुम्हांला किती त्रास होतो, पगार पुरतो का, कधी रडू येते का, अशा थाटाचे. हे प्रश्न मुलांना कोठून सुचले, हे सांगण्यास नको. आपल्या लोकांवरच्या बातम्या दूरचित्रवाणीवर अशाच प्रश्नांनी सुरू होतात. ज्या मुलीची आई भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात काम करते तिनेच ते अकरा प्रश्न खोडले. “त्रास विचारला की आई गप्प होते,” ती म्हणाली. त्यांच्या जागी एकच प्रश्न आला, “हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात?” या प्रश्नावर तीच आई वीस मिनिटे बोलली. भांड्याची कडा बोटाने तपासताना बोट कसे धरायचे, कोणत्या आवाजावरून पत्रा पातळ आहे हे कळते, पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाईने तिला कसे सांभाळून घेतले, हे सारे तिने सांगितले.

दुर्दैवाने त्या वीस मिनिटांतले एक वाक्यही कामास आले नाही. शेजारच्या गाळ्यात पॉलिशची यंत्रे चालू होती आणि मोबाइलने त्यांचाच आवाज मुद्रित केला होता. मुले रडकुंडीला आली. तेव्हा कोठे काही शे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक आणि कानाचा हेडफोन विकत आणला गेला. चित्र थोडे अंधूक असले तर लोक पाहतात, आवाज कळत नसेल तर उठून जातात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी मुले पुन्हा गेली. यंत्रांचा आवाज मात्र वेगळा मुद्रित करून ठेवला आणि नंतर जेथे हवा तेथे, हवा तेवढाच वापरला. ही युक्ती त्यांची त्यांनाच सुचली. आम्हांस तर ती करता येते हेही ठाऊक नव्हते.

आता त्या दुसऱ्या मुलाविषयी. शाळेच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने ‘नोकरी’ असे लिहिले होते. विषय ठरला त्या दिवशी तो काही बोलला नाही. कामांची वाटणी झाली तेव्हा त्याने आवाजाचे काम मागून घेतले. हेडफोन लावलेल्या मुलास कॅमेऱ्यासमोर यावे लागत नाही, हे त्याने हेरले असावे. पण त्याचा एक परिणाम त्याच्याही ध्यानी आला नव्हता. इतर चौघे दृश्य, प्रकाश, स्टँड यांत गुंतलेले असत. हा एकटाच सर्वांच्या आईवडिलांचे प्रत्येक वाक्य थेट कानात ऐकत होता. रिक्षा चालविणारे वडील, घरकामाला जाणारी आई, नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळविणारे वडील. चौथी मुलाखत संपली आणि त्याने हेडफोन काढून सांगितले, “माझ्या वडिलांचंही घ्या. ते गटार साफ करतात. ठेकेदाराकडं.”

वडिलांनी होकार दिला, पण त्यांच्याही अटी होत्या. कामाच्या जागी चित्रण नको. घरी या. मी इस्त्रीचा सदरा घालीन, खुर्चीवर बसेन. आणि प्रश्न माझ्या मुलाने विचारायचे.

मुलांपैकी दोघांना या अटी पटल्या नाहीत. काम दिसलेच नाही तर कळणार कसे, असे त्यांचे म्हणणे होते. फळ्याच्या कोपऱ्यातील वाक्याकडे बोट गेले आणि अटी मान्य झाल्या. मुलाने विचारले, “तुम्ही हे काम कोणाकडून शिकलात?” वडील थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, कागद दे. वहीचे पाठकोरे पान घेऊन त्यांनी नवघरच्या परिसराची गटारे काढली. कोणत्या गल्लीचे पाणी कोठे वळते, कोणत्या वळणावर उतार कमी आहे म्हणून गाळ साचतो, कोठे जुन्या गटारावर नवे बांधकाम आले. भरतीची वेळ आणि मोठा पाऊस एकत्र आले की पाणी खाडीकडे न जाता कोणत्या झाकणातून उलटे वर येते, तेथे त्यांनी फुली मारली. अशा सात फुल्या होत्या. मुलगा विचारीत गेला, ते काढीत गेले. सुमारे चाळीस मिनिटे. कॅमेरा त्यांच्या हातावर होता.

त्या अकरा मिनिटांच्या माहितीपटात त्यातली तीन मिनिटे आहेत. निवेदन नाही, संगीत नाही. पेनाचा कागदावरचा आवाज आणि मधूनच मुलाचा प्रश्न, एवढेच. आमच्या सबंध अध्यापनकाळात वर्गात नकाशावाचन इतके चांगले झाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. मिळावयास हवेच होते असा आमचा दावा नाही. ध्वनीत दोष होते, एक मुलाखत लांबली होती. परंतु परीक्षकांपैकी एकांनी जे मत दिले ते आम्ही विसरू शकलेलो नाही. ते म्हणाले, विषय उत्तम आहे, पण गटारात उतरलेला माणूस दाखविला असता तर परिणाम झाला असता. परतीच्या प्रवासात मुले आपसांत याविषयी काहीच बोलली नाहीत. तो मुलगा खिडकीशी बसून होता.

त्या परीक्षकांना दुष्ट ठरविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तमिळनाडूत दिव्या भारती यांनी 2017 साली ‘कक्कूस’ हा माहितीपट केला, त्यात हे काम समोरासमोर दाखविले आहे, आणि ते दाखविणे गरजेचेच होते. हाताने मैला साफ करून घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा 2013 साली झाला. तरीही 2023 साली सर्वोच्च न्यायालयास गटारातील मृत्यूंची भरपाई वाढवून तीस लाख रुपये करण्याचा आदेश द्यावा लागला. जेथे सत्य नाकारले जाते तेथे कॅमेऱ्याने पुरावा द्यावा. पण तो पुरावा कोणाच्या संमतीने आणि कोणासमोर मांडायचा, हे ज्याच्या अंगावर चिखल आहे त्याने ठरवायचे असते. या वडिलांनी ठरविले होते. स्वतःच्या मुलाच्या शाळेतल्या लेकरांसमोर त्यांना जाणकार म्हणून बसायचे होते. एखाद्या माणसाला त्याच्या दुःखातच पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्याला तो इस्त्रीचा सदरा खटकतो. आमच्या मते खोट त्या डोळ्यात आहे.

इतिहासाचा शिक्षक असल्याने येथे थोडे मागे जाण्याचा मोह आवरत नाही. आपल्या देशातील पहिली वास्तवचित्रे एका मराठी माणसाने घेतली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली आणि डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. म्हणजे आपल्या माहितीपटाच्या आरंभीच एका विद्यार्थ्याचा गौरव आहे, आणि तो योग्यच होता. पुढे 1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्याच साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मुंबईहून कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याच्यासाठी कोण कॅमेरा घेऊन बंदरावर जाणार होते? त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, 7 डिसेंबर 1956 रोजी, बाबासाहेबांची अंत्ययात्रा मुंबईच्या रस्त्यांवरून निघाली, तेव्हा ती चित्रित व्हावी म्हणून नामदेव व्हटकर या आपल्यातल्याच लेखक-कलावंताने स्वतःच्या पदराला खार लावून घेतला. तो जनसागर हलत्या चित्रांत आज आपणांस दिसतो तो त्यांच्यामुळे.

साधने तुटपुंजी आहेत म्हणून मुलांना थांबविण्याचेही कारण नाही. आनंद पटवर्धन यांनी ऐन तरुणपणी बिहारच्या आंदोलनाचे चित्रण साध्या सुपर एट कॅमेऱ्यावर आणि हाती लागेल त्या फिल्मवर केले. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’साठी याच गृहस्थांनी चौदा वर्षे दिली. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा कथापट असला, माहितीपट नसला, तरी तो त्यांनी नगरच्या महाविद्यालयात शिकत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि फाळके यांनी सारे करण्याआधी काय केले होते? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचा वेल कसा वाढतो ते दाखविले. ती चित्रफीत पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. एक कुंडी, एक विषय, पुष्कळ धीर. विद्यार्थ्यांनी फाळक्यांकडून घ्यायचे ते हे. ‘राजा हरिश्चंद्रा’ची भव्यता नंतर पाहता येईल.

तेव्हा समितीपुढे आमची सूचना अशी आहे. ड्रोन आणि निवेदनासाठी जी रक्कम धरली आहे तीतून शाळेला संकलनास पुरेल असा एक संगणक, दोन चांगले माइक, एक स्टँड आणि चित्रण साठवून ठेवण्यास दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. दोन अशासाठी की मागच्या वेळी मूळ चित्रण एकाच मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल पुढे बिघडला. चाळीस मिनिटांतली ती तीन मिनिटेच आज उरली आहेत, याची आम्हांस फार खंत आहे. व्यावसायिक संचाचे ज्ञान नको असे नाही. त्यांच्यातील एखाद्या संकलकाने येऊन मुलांबरोबर चार दिवस बसावे आणि शिकवावे, त्याचे मानधन अवश्य द्यावे. मान्यवरांची मनोगते स्मरणिकेत छापली जातच आहेत.

याशिवाय दोन गोष्टी लिखित स्वरूपात ठरवाव्यात. ज्यांचे चित्रण होईल त्यांना माहितीपट सर्वांच्या आधी दाखवावा, आणि एखाद्याने ‘हे काढा’ म्हटले तर कारण न विचारता काढावे. मागच्या वेळी आम्ही शाळेच्या सभागृहात पाच कुटुंबांना बोलावून हा पहिला खेळ केला होता. एका आईने घरातल्या अस्ताव्यस्त कपड्यांचे दृश्य काढायला लावले. मुलांना ते दृश्य फार प्रिय होते, तरी काढले. ते गटार साफ करणारे वडील मात्र आपली तीन मिनिटे संपल्यावर म्हणाले, एक फुली चुकली आहे, आणि उठून पडद्याजवळ जाऊन बरोबर जागा दाखविली.

दुसरी गोष्ट समितीला अवघड वाटेल. मुले शाळेचे गुणगान करतीलच असे नाही. वसतिगृहात उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, एके काळी रात्रीची डाळ फार पातळ असे, एखादे शिक्षक हात उगारीत असत. हे कोणी बोलेल. त्या शिक्षकांत आमचेही नाव निघण्याचा संभव आहे, आणि निघाले तर आम्ही ते काढावयास सांगणार नाही. माजी विद्यार्थ्यांनो, आपण इथल्या खाटांवर झोपलात, घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडलात, इथेच अक्षर वळविलेत. आपणांस आकाशातून दिसणारी इमारत पाहावयाची आहे, की त्या खाटा?

यंदाच्या नववीतील सहा जणांनी ठरावाची वाट न पाहता काम सुरू केले आहे. त्यांच्या यादीत पहिले नाव आहे ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या मावशींचे. त्या नवघरातच, लेकीकडे राहतात. मुले वही घेऊन दोनदा जाऊन आली. पहिल्या खेपेस मावशींनी त्यांना लसूण सोलायला बसविले आणि दुसऱ्या खेपेस, शंभर मुलांच्या भाकरीला पीठ किती लागते ते तोंडी विचारून सहाही जणांना नापास केले. तिसऱ्या खेपेस कॅमेरा आणायचा की नाही, हे मावशींनी अजून सांगितलेले नाही.